दगडाला लागलेला पाय

दार तेच होतं. जड, लोखंडी, आणि ते हाताने नाही तर खांद्याने ढकलावं लागतं हे माझ्या खांद्याला अजून आठवत होतं. सवयीने मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, श्वास धरला आणि आत पाऊल टाकलं. अंगावर ऊबदार हवा आली. मी तिथेच थबकले. स्वतःच्या घराचं कुलूप उघडून आत जावं आणि परकी माणसं जेवायला बसलेली दिसावीत, तसं काहीतरी झालं.

बर्फ नव्हता. अजिबात नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं राखाडी सिमेंट, कोरडं, ठिकठिकाणी भेगाळलेलं. मधोमध एक शिडी उभी होती आणि तिच्यावर कुणीतरी शर्ट टाकून गेलं होतं. आधी मला बर्फ नाही याचा धक्का बसला आणि मग गोल नाहीत याचा. मोठा निळा गोल, त्याच्या पोटात पांढरा, त्याच्याही पोटात लाल. इतकी वर्षं मी त्या गोलांवर नजर लावून जगले, पण ते जमिनीवर नव्हतेच, बर्फातच रंगवलेले होते. हे मला माहीत होतं आणि तरी कधी कळलेलं नव्हतं. बर्फ वितळला तसे तेही पाण्याबरोबर गटारात गेले असणार. निळ्या रंगाचा एखादा डाग तरी सापडेल म्हणून मी वेड्यासारखी वाकून जमीन बघत राहिले.

मी पार्सिपनीला आले होते ते मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला. आम्ही अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला राहायला गेलो त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचा इथला बर्फावरच्या खेळाचा क्लब बंद झाला, शनिवारी दार उघडं ठेवणार आहेत, ज्याला आठवण म्हणून काही न्यायचं असेल त्याने न्यावं, असं कुणीतरी कळवलं होतं. हातांवरची मेंदी वाळताच कार्यक्रमातून निसटून मी गाडी काढली. तिथे उभी राहून मी निनादला, माझ्या मुलाला, फोन केला. तो आता कॉलेजात आहे. "बर्फ नाहीये रे इथे," मी म्हणाले. "मॉम, इट्स जस्ट अ बिल्डिंग," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "आर यू क्राइंग?" मी रडत नव्हते. मी अजून निळा डाग शोधत होते.

पूर्वी या दारातून आत आलं की आधी वास यायचा. ओल्या लोकरीचा, रबराचा, वरच्या खोलीत तासन्‌तास गरम राहिलेल्या कॉफीचा, आणि सगळ्याच्या तळाशी बर्फाचा. बर्फाला वास नसतो म्हणणारा माणूस नागपूरचा नसावा. आमच्याकडे उन्हाळ्यात लग्नकार्य असलं की सायकलरिक्षातून बर्फाची लादी यायची, गोणपाटात गुंडाळलेली, वरून लाकडाचा भुसा टाकलेली. ती उतरवली की आम्ही पोरं तिला गाल लावायला धावायचो. ओला ताग, भुसा आणि नाकात झिणझिण्या आणणारा गारवा. पार्सिपनीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी हे दार ढकललं आणि तो वास जसाच्या तसा आला, तेव्हाही मी अशीच थबकले होते.

तेव्हा माझ्यापाशी करण्यासारखं काहीच नव्हतं. मकरंदला, माझ्या नवऱ्याला, कामाचा व्हिसा होता. मला त्याच्यासोबत राहण्याचा. नोकरी करायला परवानगी नाही. इंजिनिअरिंगची पदवी सुटकेसच्या तळाशी आणि कडेवर निनाद. अपार्टमेंटच्या खिडकीतून मी पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायची. अशात मंडळाच्या कोजागरीला लिमये काका भेटले. निवृत्त भूलतज्ज्ञ, उंच, किडकिडीत, गळ्यात काकूंनी विणलेला मफलर. मराठी माणूस दिसला की लोक गाडी थांबवून बोलायचे, त्या काळात ते अमेरिकेत आले होते आणि पहिली नोकरी मिळाली होती ती उत्तरेकडच्या एका गोठलेल्या गावात. "संध्याकाळी करण्यासारख्या तिथे दोनच गोष्टी," ते सांगायचे, "दारू किंवा कर्लिंग. दारू मला लगेच चढायची."

त्या रात्री मसाला दुधाचा पेला हातात धरून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पोरी, तुला झाडता येतं का?"

मला रागच आला. "काका, मी इंजिनिअर आहे."

"असू दे. खांदे चांगले आहेत तुझे. शनिवारी ये."

कर्लिंग म्हणजे काय हे मी पुढे इतक्या जणांना समजावलं की ते आता तोंडपाठ झालंय. ग्रॅनाइटचा गुळगुळीत दगड, वर मूठ, वजन पाण्याने भरलेल्या कळशीएवढं. तो बर्फावरून घसरवत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला गोलाच्या मधोमध थांबवायचा. एकदा सोडला की त्याला स्पर्श करायचा नाही. त्याच्या पुढे धावत नुसता बर्फ ब्रशने घासायचा, म्हणजे तो थोडा लांब जातो, थोडा सरळ जातो. जोडीच्या खेळात एक बाई, एक पुरुष. ज्यांचा दगड मध्याच्या जास्त जवळ त्यांना गुण. इतकंच. ऐकायला पोरखेळ वाटतो आणि पहिल्या दिवशी मी तीनदा आपटले.

आईला फोनवर सांगितलं तर तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तू अमेरिकेत जाऊन झाडू मारून राहिली का?"

"आई, त्याच्या स्पर्धा असतात."

"झाडायच्या?" तिने फोन बाबांच्या हातात दिला. "ऐका, तुमची पोरगी काय बोलून राहिली ते."

ऑक्टोबरमध्ये बर्फ घालायला सुरुवात व्हायची. पाण्याचा एक थर, तो गोठला की दुसरा, मग रंग, मग पुन्हा थर. आणि प्रत्येक सामन्याआधी एक माणूस पाठीला डबा बांधून, उलट पावली चालत, बर्फावर बारीक थेंबांचा सडा घालायचा. ते थेंब गोठले की त्यांच्यावरून दगड जायचा आणि जाताना गुरगुरायचा, पहाटे लांबून जात्याचा आवाज यावा तसा. काका कान देऊन तो आवाज ऐकायचे. "आपल्याकडे आधी झाडतात आणि मग सडा," ते म्हणायचे, "हे लोक आधी सडा घालतात आणि मग झाडतात. बाकी फरक काही नाही." मला तेव्हा खूप हसू यायचं. त्या वर्षी मी त्या बर्फावर हसायला पुन्हा शिकले, हे खरं आहे.

सगळीकडे हाका इंग्रजीत असायच्या. आमच्या मराठीत. पलीकडच्या टोकाला काका गोलात उभे राहायचे आणि माझा दगड निघाला की ओरडायचे, "झाड! झाड! झाड गं! ...राहू दे. राहू दे म्हटलं ना! ...आता झाड!" हा आवाज छपरापर्यंत घुमायचा. शेजारच्या बर्फाच्या पट्टीवर खेळणारी डॉना आणि तिचा नवरा आधी दचकायचे. डॉना माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, गोल चेहऱ्याची, मोठ्याने बोलणारी. तिला तो शब्द इतका आवडला की ती नवऱ्यावर "झाड! झाड!" असं ओरडायला लागली, आणि तोही बिचारा झाडायचा.

सामना संपला की हरलेल्यांना जिंकलेल्यांनी काहीतरी प्यायला द्यायचं आणि चौघांनी एकाच टेबलाशी बसायचं, ही तिथली रीत. जिंकून तडक घरी जाणं म्हणजे असभ्यपणा. काका थर्मासमधून आल्याचा चहा ओतायचे, मी चिवड्याचा डबा उघडायची. डॉना त्यातले शेंगदाणे वेचून खायची आणि मकरंद मला न्यायला आला की म्हणायचा, "यार, तुमची मॅच संपलीये की भिशी चाललीये?"

एकदा निनाद तिथे होता. दोन वर्षांचा, थंडीच्या कपड्यांत गोळा झालेला. कडेला ओळीने मांडून ठेवलेल्या दगडांकडे तो धावला आणि त्याचा बूट एका दगडाला लागला. मी "अरे, अरे" करेपर्यंत काका वाकले होते. त्यांनी दगडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. "नमस्कार कर बाप्पाला" वगैरे त्यांनी निनादला काहीच सांगितलं नाही. डॉनाने विचारलं, हे काय केलंस? काकांनी तिला सांगितलं, की ज्याला मान द्यायचा त्याला पाय लागला तर आमच्याकडे अशी क्षमा मागतात. "पण पाय तर त्याचा लागला," ती म्हणाली. "लहान आहे तो," काका म्हणाले. "त्याच्या वतीने मोठ्यांनी करायचं असतं." आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "तसा मी देवबिव मानत नाही हं. दगड मात्र मानतो."

तीन-चार हिवाळे गेले. माझे खांदे भरले, तळव्यांना घट्टे पडले. राज्यातल्या छोट्या स्पर्धा आम्ही जिंकायला लागलो आणि मग काका राष्ट्रीय स्पर्धेचं बोलायला लागले. ते बोलले नसते तरी मला माहीत होतं. त्या उत्तरेकडच्या गावात असल्यापासून ते त्यासाठी खेळत होते आणि दर वेळी कुठेतरी थोडक्यात राहायचं. आता गुडघा उरला नव्हता. गाडीत बसलं की ते पँट वर करून बाम चोळायचे, आणि बामचा तो वास घरी आल्यावरही माझ्या स्वेटरला यायचा. "यंदा झालं तर झालं," ते म्हणायचे. "पुढच्या हिवाळ्यात मी प्रेक्षकांत. डॉक्टरने सांगितलंय." डॉक्टर म्हणजे ते स्वतःच. हे ते इतक्या सहज बोलायचे की मला कुठे बघावं कळायचं नाही. काकू मात्र एकदा मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या होत्या, "एवढी एक हौस आहे गं त्यांची. बाकी आयुष्यभर काही मागितलं नाही त्यांनी." मला ती हौस पुरी करायची होती. माझ्यासाठी नाही, अगदी मनापासून त्यांच्यासाठी.

तो सामना इथेच झाला. याच सिमेंटच्या वर, बर्फ असताना. समोर डॉना आणि तिचा नवरा. जिंकणारी जोडी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. वरच्या काचेमागे सगळा क्लब जमलेला, मकरंदच्या मांडीवर निनाद, काकू पर्समध्ये जप केल्यासारखं काहीतरी चाचपत. शेवटच्या फेरीतला शेवटचा दगड माझ्या हातात होता. गोलाच्या मध्याजवळ डॉनाचा दगड बसलेला. माझा त्याच्या आत थांबला की झालं.

मी सोडला. हातातून सुटताच कळलं की जोर किंचित कमी पडलाय. "झाड!" काकांची हाक आली आणि मी उठून धावले. मी एका बाजूने, आणि दगड गोलाजवळ आला तसे दुसऱ्या बाजूने काका, त्या गुडघ्यासकट. दोघं घासत होतो. माझ्या डोळ्यांसमोर बर्फाचा वीतभर तुकडा आणि कानात नुसता माझाच श्वास. दगड मंदावला, डॉनाच्या दगडाला वळसा घालून आत सरकला, लाल रंगावर आला आणि थांबला. मधोमध. वर काचेमागे लोक उड्या मारताना दिसले, आवाज मात्र खाली येत नव्हता. मी ब्रश उंच धरला आणि काकांकडे वळले.

काका वाकलेले होते. एक हात गुडघ्यावर दाबून, दुसरा त्यांनी आमच्या दगडाला लावला आणि मग कपाळाला.

एक क्षण मला वाटलं, देवाचे आभार मानतायत. मग मला निनादचा बूट आठवला. चालत्या दगडाला खेळाडूचा पाय किंवा ब्रश लागला की तो दगड जळला, असं तिथे म्हणतात. जळला हे पंच सांगत नाही. ज्यांच्याकडून झालं त्यांनीच सांगायचं, लगेच आणि सगळ्यांसमोर. तो खेळच त्यावर चालतो. काका सरळ झाले आणि शांतपणे म्हणाले, "बर्न्ड. अवर्स."

दगड ठेवायचा की काढायचा हे अशा वेळी समोरच्यांनी ठरवायचं असतं. डॉनाने नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, पण काकांनी मान हलवली, नाही. मग डॉनाने आमचा दगड ब्रशने हळूच बाहेर काढला. आत फक्त तिचा राहिला. हातमोजे काढून आम्ही चौघांनी हात मिळवले आणि मी "गुड गेम" म्हणाले. माझं तोंड ते शब्द कसं बोललं, मला अजून माहीत नाही.

नंतर टेबलाशी डॉनाने चौघांसाठी हॉट चॉकलेट आणलं. तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता, काकांच्या नाही. "असं सगळ्यांकडून होतं, हनी," ती मला म्हणाली. मला वाटलं, मी लहान म्हणून माझी समजूत काढतेय. मी काकांकडे बघू शकत नव्हते. ते डॉनाच्या नवऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेच्या गावातल्या हवेबद्दल सांगत होते, दोन स्वेटर जास्त न्या म्हणून.

मकरंदची गाडी पुढे होती. मी मुद्दाम काका-काकूंच्या गाडीत बसले. हायवे लागेपर्यंत मी दम धरला. मग मला राहवलं नाही. "काका, कुणी पाहिलं नव्हतं हो."

"मी पाहिलं ना," काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "चिवडा उरलाय का गं?"

पुढच्या हिवाळ्यापासून ते खरंच प्रेक्षकांत बसले. मी बायकांच्या चौघींच्या संघात खेळायला लागले. मग मला नोकरीची परवानगी मिळाली, नोकरी मिळाली, आणि तरी शनिवार-रविवार बर्फावरच जायचे. राष्ट्रीय स्पर्धेला मी गेले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेले. एकदा तिसऱ्या आलो. त्या मोठ्या हॉलमध्ये दिवे इतके प्रखर होते की बर्फाला काही वासच नव्हता. काका बाम लावलेला पाय पुढच्या खुर्चीवर ठेवून बसायचे आणि त्या एवढ्या शिस्तीच्या शांततेत एकदम ओरडायचे, "झाड गं!" लोक वळून बघायचे. मला अभिमान वाटायचा.

आणि ती गोष्ट मी सांगत राहिले. संक्रांतीला, दिवाळी पहाटेला, कुणाच्या डोहाळजेवणाला, जिथे चार मराठी माणसं जमतील तिथे. मी ती नुसती सांगायची नाही, करून दाखवायची. नारळ जमिनीवर ठेवायचा, लाटणं हातात घ्यायचं, धावायचं, आणि मग गुडघ्यावर हात दाबून काकांसारखं वाकायचं. लोक पोट धरून हसायचे. "काका, तुमच्या पायांनी नॅशनल्स घालवली!" "काका, पाय सांभाळून, सतरंजी जळेल!" आणि काका कोपऱ्यात ताटली घेऊन बसलेले, हसत हसत म्हणायचे, "हो हो, सांभाळतो." एकदा काकू हसल्या नाहीत. नारळ उचलून त्या म्हणाल्या, "पुरे गं आता. पानं घ्या." मला वाटलं, नवऱ्याची थट्टा त्यांना आवडली नाही. मी म्हटलं, "काकू, मी कौतुकानेच सांगते." आणि ते खरं होतं. एवढा प्रामाणिक माणूस मी पाहिला नव्हता आणि ते सगळ्यांना कळावं असं मला वाटायचं. काकू आता नाहीत.

"झाड!"

मी दचकून वळले. दारात डॉना उभी होती, हातात कॉफीच्या मगांनी भरलेलं खोकं. केस पांढरे झालेले, आवाज तोच. खोकं खाली ठेवून तिने मला मिठी मारली आणि आम्ही दोघी त्या कोरड्या जमिनीकडे बघत राहिलो. "आय नो," ती म्हणाली. "मीही काल आले तेव्हा पाच मिनिटं दारातच उभी होते." मग तिने विचारलं, "डॉक कसा आहे?" काकांना सगळे तिथे डॉक म्हणायचे.

मी सांगितलं, वेस्ट विंडसरला मुलीकडे असतात, उद्या भेटायला जाणार आहे. आणि मला एकदम ते सुचलं. मी शिडीच्या पलीकडे गेले, जिथे गोल असायला हवा होता तिथे. "इथेच ना, डॉना? इथेच त्याचा पाय लागला." मी गुडघ्यावर हात दाबला, वाकले, सिमेंटला हात लावून कपाळाला लावला आणि हसत वर पाहिलं.

डॉना हसत नव्हती.

"त्याचा नाही, हनी," ती म्हणाली. "तुझा."

मी वाकलेलीच राहिले.

"मी गोलाच्या मागेच उभी होते. तुझी डावी टाच. तू अंगातली सगळी ताकद लावून घासत होतीस, तुला कळलंच नाही. तो दगडाच्या दुसऱ्या बाजूला होता. त्याने पाहिलं, मी पाहिलं, माझ्या नवऱ्याने पाहिलं. आम्ही तो दगड ठेवणारच होतो, केसभरही हलला नव्हता. पण डॉकने मान हलवली." ती माझ्याकडे बघत राहिली. "त्याने तुला नंतर सांगितलं असेल असं मला वाटलं. तुला माहीत नव्हतं?"

मला आधी माझी टाच आठवायची होती आणि ती आठवत नव्हती, कारण तिथे काही नव्हतंच, फक्त बर्फाचा वीतभर तुकडा आणि माझा श्वास. मग मला त्यांचे शब्द आठवले. बर्न्ड, अवर्स. आमचा, म्हणाले होते. माझा पाय, असं ते कधी म्हणालेच नव्हते. तेव्हा नाही, गाडीत नाही, सतरंजीवर बसून ताटली हातात धरूनही नाही. ते मी म्हणाले होते. मी पाहिलं ना, असं ते म्हणाले होते, आणि चिवडा मागितला होता. सगळ्या गावभर मी त्यांच्या पायांची नक्कल करत हिंडले, आणि ते माझ्यासमोर बसून त्यावर हसले. डॉनाने मला शिडीच्या पायरीवर बसवलं आणि एका मगमध्ये पाणी आणून दिलं.

मी उद्यापर्यंत थांबू शकले नाही. अनघाला, काकांच्या मुलीला, फोन करून सांगितलं आणि मेंदीच्या हातांनी तशीच वेस्ट विंडसरची वाट धरली. हायवेवर दुपारचं ऊन होतं. काय विचारायचं ते मी मोठ्याने बोलून बघत होते. काका, का सांगितलं नाहीत? काका, तुमची एवढी एक हौस होती. काका, मी एवढी हसत होते तेव्हा एकदा तरी गप्प करायचंत मला. कुठलंच वाक्य शेवटापर्यंत जात नव्हतं.

अनघाने दार उघडलं. "अगं, बरं झालं आलीस. फक्त एक सांगते, बाबांना हल्ली विसरायला होतं. तुला ओळखतील, पण मधलं काही धरता येत नाही त्यांना."

काका मागच्या खोलीत खुर्चीत बसले होते. अंगणाकडचं काचेचं दार उघडं होतं आणि ते वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून खाली एक दगड लावलेला होता. आमच्या क्लबातला, कड उडालेला, जुना. ते खेळायचं थांबले तेव्हा क्लबने दिला होता. माणूस किती लहान होऊ शकतो ते बघून मला पुन्हा धक्का बसला. तो उंच, किडकिडीत माणूस खुर्चीत कुठेतरी हरवून गेला होता. गळ्यात मफलर तोच होता.

"पोरी!" ते म्हणाले. "कुठे असतेस?"

"सनीव्हेलला, काका."

"बर्फ आहे का तिथे?"

"नाही."

"मग काय उपयोग." ते हसले आणि जरा वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "कुठे असतेस तू हल्ली?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत त्या सामन्यापैकी काही शिल्लक आहे का ते शोधत होते आणि मला ते दिसत नव्हतं. जवळ बसावं म्हणून मी स्टूल ओढायला गेले आणि माझा पाय दगडावर आपटला. चांगलाच आपटला. अंगठ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली आणि मी तो पाय धरून स्टुलावर बसले.

मान वर केली तेव्हा काका खुर्चीतून वाकत होते. एक हात गुडघ्यावर दाबलेला, दुसरा दगडाकडे गेलेला. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. हात आपला निघाला होता.

"काका," मी म्हणाले. "काका, पाय माझा लागला."

"हो गं," ते म्हणाले, न थांबता. "लहान आहेस तू."

त्यांचा हात खाली पोचत नव्हता. बोटं दगडापासून वीतभर अलीकडे, हवेतच होती आणि ते आणखी वाकू बघत होते. वाऱ्याने दार हलत होतं. मी जमिनीवर गुडघे टेकले, मेंदीच्या दोन्ही हातांनी तो दगड धरला आणि हळूहळू, न थांबता, त्यांच्या बोटांखाली सरकवत नेला.